गाडी कधी बोलते, ते ऐका!

‘अगं, जुनी गाडी आहे. आवाज करणारच. आपली हाडं नाही का वाजत?’

आमच्या ह्यांचं हे वाक्य मी गेल्या वर्षी दोन महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं, की त्याचा हिशेब ठेवला असता तर एक वही भरली असती. मी वही भरली खरी, पण ती दुसऱ्याच हिशेबानं. आणि त्या वहीनंच आम्हाला एका मोठ्या संकटातून वाचवलं. तीच हकिकत मैत्रिणींच्या कानावर घालावी म्हणून हा लेख.

मोटारीच्या विषयावर मी कधी चार ओळी लिहीन, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. बी. ए.ला मराठी घेतलेली, सकाळी घर सांभाळून दुपारी शाळेत तीन तास व्याकरण शिकवणारी मी बाई. पाना कशाला म्हणतात आणि पक्कड कशाला, एवढं कळतं, हीच काय ती माझी पात्रता! पण गरज पडली की बाई काय शिकत नाही?

आम्ही कोल्हापूरचे. माझं माहेर देवरूखला. गेल्या वर्षी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. आई घरात एकटी. दर पंधरा दिवसांनी मला जाऊन यावं लागे. एस.टी.नं जायचं तर मुलांची शाळा, सासूबाईंचे गुडघे, सगळंच अवघड. शेवटी ह्यांच्या एका परिचितांकडून नऊ वर्षं वापरलेली छोटी गाडी घेतली. माझे शिकवणीचे साठवलेले पैसे त्यात गेले. पण म्हटलं, नानांना डॉक्टरकडे न्यायची तरी सोय झाली.

पहिल्याच खेपेला मलकापूर गेलं, आंबा गेलं, आणि आंबा घाट उतरायला लागलो, तेव्हा माझ्या पायाखाली काहीतरी वाजलं. ‘टक्!’ ह्यांनी ब्रेक दाबला की टक्. ब्रेक सोडून गाडी पुढे निघाली की पुन्हा एकदा, जरा हलकं, टक्.

मी म्हटलं, ‘अहो, काहीतरी वाजतंय.’

हे म्हणाले, ‘मला नाही बुवा ऐकू आलं.’

आता सांगते, त्यांचं खोटं नव्हतं. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो आणि आवाज येत होता डाव्या पुढच्या चाकाशी, अगदी माझ्या पायांखाली. शिवाय चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, आणि तिथेच ते असायला हवं. तेव्हा मैत्रिणींनो, शेजारी बसणारीला जे ऐकू येतं ते भास म्हणून सोडून देऊ नका. गाडीतली ती जागा ऐकण्याचीच आहे.

आधी डिकी झाडा

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘आधी गाडीतलं सामान काढून बघा. आमच्या घरात रात्री भूत वाजायचं, ते निघालं कपाटावरचं झाकण.’ हसू नका, सल्ला अगदी शास्त्रशुद्ध होता.

ब्रेक दाबला की गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू पुढे सरकते. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी आवळून धरणारा स्क्रू, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या, सीटखाली गेलेला चेंडू, हे सगळं टक् करू शकतं. आम्ही डिकी रिकामी केली, तर जॅक खरंच सुटा निघाला आणि सीटखाली एक स्टीलची बाटली. ही बाटली घरंगळत ब्रेकच्या पायाखाली गेली, तर काय होईल ह्याची कल्पनाच करवत नाही. त्या दिवसापासून चालवणाऱ्याच्या सीटखाली काहीही ठेवायचं नाही, असा आमच्या घरी कडक नियम आहे.

दुसरी गोष्ट, चाकाचे नट. नुकतंच पंक्चर काढलेलं असेल आणि नट नीट आवळलेले नसतील, तरी ब्रेक दाबताना टकटक होते. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोक्याचं कारण. नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळायचे आणि चाक काढून बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघून घ्यायचे. पाना डिकीत असतोच.

आमचे नट घट्ट होते. डिकी रिकामी झाली, तरी टक् चालूच राहिलं.

सात हजार आठशे रुपयांचा धडा

मग गाडी एका गॅरेजला दाखवली. हे तिथे जाऊन म्हणाले, ‘पुढून आवाज येतोय.’ बस्स, एवढंच. गॅरेजवाल्यानं गाडीचं नाक दोनदा खाली दाबलं आणि सांगितलं, ‘शॉकअप गेलेत.’ दोन्ही पुढचे शॉकअप बदलले. मजुरीसह ७,८०० रुपये! दिवाळीसाठी बाजूला काढलेले.

गाडी घेऊन घरी येताना कोपऱ्यावर ब्रेक दाबला, आणि टक्!

त्या दिवशी मला रडू आलं. पैशांपेक्षा जास्त ह्याचं, की मी पुन्हा ‘आवाज येतोय’ म्हटलं, तर गॅरेजमधला पोरगा ह्यांच्याकडे बघून नुसता हसला. बायकांना काय, सगळंच वाजताना ऐकू येतं!

पण रात्री विचार केला, तर चूक आमचीही होती. ताप आलेल्या मुलाला घेऊन आपण डॉक्टरकडे जातो, तेव्हा ‘बरं नाही’ एवढंच सांगतो का? ताप कधी चढतो, किती चढतो, खोकला सुका की ओला, सगळं सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र ‘आवाज येतोय’ म्हणून मोकळे. मग समोरचा अंदाजानं एकेक वस्तू बदलत जातो आणि त्या प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण देतो.

आणि वही सुरू झाली

शाळेत मी अनुकरणवाचक शब्द शिकवते. आपली मराठी ह्या बाबतीत फार श्रीमंत. खडखड, खुळखुळ, कुरकुर, करकर, घरघर, कटकट, टक्, धप्प. हे शब्द आपण उगीच वेगवेगळे केलेले नाहीत. कुरकुरतं ते दोन वस्तू एकमेकींवर घासतात म्हणून. खडखडतं ते काहीतरी सारखं हलत असतं म्हणून. आणि टक् होतं ते एक वस्तू मधली रिकामी जागा ओलांडून दुसरीवर एकदाच आदळते म्हणून. माझ्या गाडीत कुठेतरी रिकामी जागा झाली होती. ब्रेक दाबला की काहीतरी मागे आदळत होतं आणि सोडला की परत जागेवर येत होतं.

वहीत चार रकाने आखले: कधी, कुठून, कसा, किती वेळा. रविवारी सकाळी सहाला ह्यांना जवळजवळ ओढतच मोकळ्या मैदानावर नेलं. आसपास कोणी नाही हे बघून, दहा-पंधराच्या वेगानं, सरळ रेषेत, एका वेळी एकच गोष्ट करून बघायची असं ठरवलं. स्वयंपाकात बिघडलं काय हे शोधताना आपण मीठ, तिखट, आंबट सगळं एकदम नाही ना घालत? तसंच.

हलका ब्रेक: आवाज नाही. जोरात ब्रेक: टक्, एकदा, माझ्या पायाखाली. रिव्हर्स घेऊन ब्रेक: पुन्हा टक्. नुसता अॅक्सिलरेटर सोडला: काही नाही. आधी क्लच दाबून मग ब्रेक: तरी टक्. स्टिअरिंग जागच्या जागी दोन्हीकडे फिरवलं: काही नाही. बारीक खड्डे: काही नाही. पुढे जात सलग तीनदा ब्रेक: तिन्ही वेळा टक्.

आणि शेवटी हेच म्हणाले, ‘एक लिही. जोरात ब्रेक दाबला की गाडी थोडी डावीकडे ओढते.’ ते त्यांना चालवताना आधीपासून जाणवत होतं, पण रस्ता उतरता असेल म्हणून सोडून दिलं होतं!

उद्यमनगरचे मामा

शेजारच्या वहिनींच्या भावानं उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींचं नाव सुचवलं. सगळे त्यांना मामाच म्हणतात. वही घेऊन मीही गेले.

मामांनी पहिलं वाक्य काय बोलावं? ‘वैनी, आवाज कसा येतोय त्ये मागनं सांगा. आधी कवा येतोय त्ये सांगा.’

मी वही उघडून वाचून दाखवली. मामा हसले. ‘मास्तरीण हाय जनू! समद्या गिऱ्हाइकांनी अशी वही आनली तर माझं निम्मं काम हुईल की.’

मग त्यांनी इंजिन बंद ठेवून, पण किल्ली चालूवर ठेवून (नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं) सपाटीवर दोन पोरांना गाडी ढकलायला लावली. ह्यांना आत बसवून मध्येच ब्रेक दाबायला सांगितला. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टक् इतकं स्पष्ट ऐकू आलं, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही मान वळवली. ह्यांनी मुकाट्यानं माझ्याकडे बघितलं.

गाडी वर घेतल्यावर मामांनी मला बोलावून दाखवलं. पुढच्या चाकाला खालून धरणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याचं एक टोक चाकाशी गोल सांध्यानं जोडलेलं, तो बॉल जॉइंट. दुसऱ्या बाजूला तो गाडीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी रबरी बुशांनी जोडलेला. मामांनी टॉमी लावून आर्म हलकेच दाबला, तर मागचा बुश आतून फाटलेला. रबर चिंधीसारखं लोंबत होतं आणि आर्म पुढे-मागे सरकत होता. ती माझी ‘रिकामी जागा’!

पण खरी गोष्ट पुढेच होती. त्यांनी चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर ते डुगडुगलं. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरी डुगडुगलं. मामांचा चेहरा बदलला. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटून आत पाणी आणि माती गेली होती, सांधा झिजून ढिला झाला होता.

‘साहेब, ह्यो निसटला की चाक वाकडं हुतंय आनि गाडी त्या अंगाला बसती. मग इष्टेरिंग हातात असून नसल्यागत. घाटात नगा नेऊ आता ही.’

हे काही बोलले नाहीत. पुढे झाले, चाकाला हात लावून स्वतः हलवून पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा. आदल्याच आठवड्यात ह्याच गाडीतून आम्ही नानांना रत्नागिरीला तपासायला नेऊन आणलं होतं. मागे आई, मुलं. मला तिथेच एका टायरवर बसावं लागलं.

असं होतं तरी का?

गाडी थांबते ती ब्रेकनं नव्हे, रस्त्यानं. ब्रेक चाक धरतो, टायर रस्ता धरतो आणि रस्ता चाकाला मागे ओढतो. पण गाडीचं अंग, आतली माणसं, सामान ह्यांना पुढेच जायचं असतं. म्हणजे मागे ओढलं जाणारं चाक आणि पुढे धावणारी गाडी, ह्या भांडणात मधल्या मध्ये सापडतात ते हे बुश आणि सांधे. घरातल्या सुनेसारखे! शिवाय ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचीच चाकं करतात. सपाटीवर रांगणारी गाडी गप्प आणि घाटात ब्रेक दाबल्यावर वाजते, ती ह्यामुळेच.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिला पुढे जी मांडणी होती, म्हणजे वर स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, खाली एक आर्म, तीच आजही आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना असते. अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन इंजिनिअरनं ती १९४० च्या दशकात तयार केली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. स्वस्त, सुटसुटीत आणि जागा कमी घेणारी. पण खालचा आर्म एकटाच, म्हणून त्याच्या बुशांची आणि सांध्याची काळजी घ्यायला हवी.

जुन्या अँबॅसिडरला ठरावीक दिवसांनी सांध्यांत ग्रीस मारून घ्यावं लागे, त्या निमित्तानं मिस्त्रीची नजर खाली फिरायची. आताचे बहुतेक सांधे झाकणाच्या डबीसारखे बंद. टोपी शाबूत आहे तोवर कित्येक वर्षं बघावं लागत नाही, आणि एकदा फाटली की आतला माल गेलाच म्हणून समजा. म्हणून गाडी सर्व्हिसिंगला दिली, की ‘खालच्या रबरी टोप्या बघा’ एवढं आवर्जून सांगायचं.

कोणता आवाज काय सांगतो?

मामांना विचारून विचारून मी हे वहीत टिपलं आहे. कापून गाडीच्या खणात ठेवलंत तरी चालेल.

टक्, एकदाच, दर वेळी ब्रेक दाबताना: लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर आतल्या कडेनं जास्त झिजलं असेल, तर संशय पक्का करा.

टक्, पण दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला: म्हणजे रिव्हर्स घेऊन पुढे निघालो, पहिला ब्रेक टक्, दुसरा-तिसरा गप्प. हे बहुधा ब्रेकचे पॅड आपल्या जागेत सरकतात म्हणून. पॅडच्या बारीक क्लिपा आहेत का, ते बघायला सांगा.

खराब रस्त्यावर खडखड, आणि ब्रेकवर हलका पाय ठेवताच बंद: कॅलिपर किंवा पॅड ढिले. ब्रेक दाबला की ते आवळले जातात, म्हणून गप्प होतात. ही खूण फार उपयोगाची, कारण पुष्कळ ठिकाणी ह्याच खडखडीसाठी शॉकअप बदलले जातात.

कमी वेगात बारीक खड्ड्यांवर कटकट, ब्रेक असो वा नसो: बहुधा लिंक रॉड. खर्च थोडा.

ब्रेक दाबल्यावर नाक फार खाली जातं आणि थांबल्यावरही गाडी झुलते, मोठ्या खड्ड्यात धप्प: शॉकअप. त्यावर तेलाचा ओघळ दिसतो का ते बघा. बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं, तर गाडीनं एकदा वर येऊन शांत व्हावं. पण अगदीच गेलेला शॉकअपच ह्या परीक्षेत नापास होतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर किंवा टंग: शॉकअपच्या वरचं माउंटिंग.

अॅक्सिलरेटर दाबताना-सोडतानाही धक्का, आणि क्लच दाबून ब्रेक लावला तर गप्प: इंजिनचं माउंटिंग. आवाज चाकांचा नाही.

चीं चीं: पॅड झिजले की ओरडावी अशी एक पत्री बऱ्याच पॅडना मुद्दाम बसवलेली असते. मात्र रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी दोन-चार ब्रेकपुरती कुरकुरली, तर घाबरायचं कारण नाही. डिस्कवरचा हलका गंज निघतो.

खर्र खर्र, लोखंडावर लोखंड: पॅड संपले. गाडी पुढे नेऊ नका.

ब्रेकचा पाय थरथरतो, स्टिअरिंग हलतं: डिस्क सारखी राहिलेली नाही. पण एकदम जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली गुरगुर होऊन धक्के बसले, तर ते एबीएस असतं. २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. अशा वेळी घाबरून पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा.

घरी काय करावं, काय करू नये

ऐकणं, लिहिणं, डिकी झाडणं, नट बघणं, टायरची झीज आणि शॉकअपवरचं तेल बघणं, एवढं आपण करू शकतो. मोबाइलवर आवाज टिपून ठेवणंही चांगलं, पण ते शेजारी बसणारीनं. गाडीबाहेर उभं राहून ऐकायचं असेल, तर गाडीच्या पुढे-मागे कधीही उभं राहू नये, बाजूला राहावं. मुलांना तर जवळ फिरकू देऊ नये. आणखी एक युक्ती: काच खाली करून एखाद्या कंपाउंडच्या भिंतीलगत हळू गाडी न्या. भिंतीवर आपटून चाकाचा आवाज परत येतो आणि डावं-उजवं समजतं.

पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. अगदी ‘एक मिनिट’सुद्धा नाही. खालचं काम मिस्त्रीनं घोडी लावून, चाकांना दगड लावूनच करायचं. चाक वर-खाली हलवून बघणं हेही त्याच्याकडेच. ब्रेक दाबून धरल्यावर डुगडुग थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर सांधा, हे मात्र आपल्याला माहीत असावं, म्हणजे प्रश्न विचारता येतो.

काम देताना तीन गोष्टी सांगा. एक, बदलायच्या आधी ढिली वस्तू मला हलवून दाखवा. दोन, जुनी वस्तू मला परत द्या. तीन, हे मामांचं खास, बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. आर्म बदलला की व्हील अलाइनमेंटही करून घ्यावं.

आमच्या गाडीला डाव्या बाजूचा आर्म आख्खा नवा बसला, कारण सांधा त्यालाच जोडलेला होता. उजव्याचा सांधा चांगला होता, म्हणून मामांनी नुसता बुश प्रेसवर काढून नवा बसवला. मजुरी आणि अलाइनमेंट धरून ४,६०० रुपये. वही आधी झाली असती, तर दिवाळीचे ७,८०० वाचले असते!

जुनी गाडी घेणार असाल तर

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी एवढं करा. विकणारा गाणी लावील, ती बंद करायला सांगा. काच खाली करा. चांगल्या रस्त्यावर एक फेरी आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एक. मागे कोणी नाही हे बघून चार-पाच वेळा ब्रेक, पुढे जाताना आणि रिव्हर्समध्येही. एकदा तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, एकदा मागे. आणि पैसे देण्याआधी मिस्त्रीला खालून दाखवा. साडी घेताना आपण पदर उलगडून, उलटी बाजू बघून घेतो. गाडी तर लाखात जाते!

घाट उतरतानाही एक शिकले. ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर सारखा पाय ठेवला, तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी दगा देतात.

तो फाटका बुश मी धुऊन शाळेत नेला होता. मुलांना म्हटलं, ‘हा कसा वाजत असेल, एक शब्द लिहा.’ एका मुलीनं लिहिलं, ‘टक्. पण कोणी ऐकलं नाही.’ तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा आंबा घाट उतरलो, तेव्हा हे दर वळणावर ब्रेक दाबून माझ्याकडे बघत होते. काही नाही. साखरप्याला चहाला थांबलो, तर आपणहून म्हणाले, ‘पुढच्या वेळी काही वाजलं तर लगेच सांग हं.’

देवरूखला नाना ओटीवर खुर्चीत बसले होते. अजून शब्द नीट फुटत नाहीत त्यांचे. डाव्या हातानं गाडीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ‘बरी... आहे?’

म्हटलं, ‘बरी आहे नाना. चला, येत्या सोमवारी डॉक्टरांकडे तिच्यातूनच जायचंय.’